आकाशाची तेरीज

व्यापारी घराण्यांत एक शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. दिवसाची उलाढाल कितीही मोठी असो, रोजमेळाची बाकी हातातील रोकडीशी जुळल्याखेरीज वही मिटायची नाही. फरक एका रुपयाचा असला तरी तो शोधायचा. नवख्याला हे खुळेपणाचे वाटते. लाखोंच्या व्यवहारात खिशातला एक रुपया घालून हिशेब मिटवला तर काय बिघडले, असे तो विचारतो. जुना मुनीम त्याला सांगतो की हा एक रुपया म्हणजे दोन मोठ्या चुकांमधले अंतर असू शकेल. जमेकडे दहा हजार एक लिहायचे राहिले असतील आणि नावेकडे दहा हजार. फरक लहान आहे म्हणून त्यामागची चूकही लहानच असेल, असे मानायला हिशेबशास्त्रात कोठेही आधार नाही.

तेरीज जुळली नाही तर त्याची कारणे साधारणपणे तीन प्रकारची असतात. पहिले कारण लिहिणाऱ्याचा हात. ५४ च्या जागी ४५ लिहिले गेले, एवढेच घडलेले असते; अशा अदलाबदलीत फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो, ही खूण प्रत्येक अनुभवी हिशेबनीस जाणतो. दुसरे कारण राहून गेलेली नोंद. व्यवहार खरोखर झालेला असतो, पण त्याची पावती कोठेतरी दडून बसलेली असते. तिसरे कारण क्वचित आढळते आणि सर्वांत जड जाते. आकडे बरोबर असतात, नोंदीही पुऱ्या असतात. चुकलेली असते ती हिशेब मांडण्याची रीत. मग एखादी ओळ दुरुस्त करून भागत नाही, सगळी वही नव्याने लिहावी लागते.

विश्व समजून घेण्याचा माणसाचा हजारो वर्षांचा खटाटोप हाही वही जुळवण्याचाच उद्योग आहे. एका पानावर माणसाची कल्पना असते: पृथ्वी कोठे आहे, सूर्य कसा फिरतो, पुढचे ग्रहण केव्हा लागेल. समोरच्या पानावर आकाश रोज रात्री आपली नोंद करीत असते. दोन्ही पाने बहुतांशी जुळतात म्हणून कल्पना टिकते; पण कोपऱ्यात कोठेतरी थोडासा फरक उरतो. ज्यांनी तो फरक झाकला नाही, त्यांच्यामुळेच हे ज्ञान पुढे सरकत गेले.

उरलेला अंश लिहून ठेवण्याची ही सवय जैन परंपरेला नवी नाही. जंबूद्वीपाचा व्यास एक लाख योजने सांगितलेला आहे. त्याचा परीघ देताना आगमकार 'तीन लाखांहून काही अधिक' असे मोघम बोलत नाहीत. ३,१६,२२७ योजने, ३ गव्यूती, १२८ धनुष्ये, साडेतेरा अंगुले आणि वर किंचित अधिक, असा तो नोंदलेला आहे. चार गव्यूतींचे एक योजन, दोन हजार धनुष्यांची एक गव्यूती आणि ९६ अंगुलांचे एक धनुष्य. लाखो योजनांच्या हिशेबात अर्ध्या अंगुलाची दखल घेतलेली आहे, आणि त्यानंतरही 'किंचित अधिक' हे शब्द सोडलेले नाहीत. तिलोयपण्णत्तीसारख्या ग्रंथात तर हा परीघ अंगुलाच्याही खाली अतिसूक्ष्म मापांपर्यंत उतरवलेला आहे. आगमांतील जंबूद्वीप आणि आजच्या भूगोलातील पृथ्वी यांचा मेळ कसा घालावा, हा स्वतंत्र चर्चेचा विषय आहे. इथे लक्षात घ्यायचे ते एवढेच की शेष उरला असता तो शून्य म्हणून सोडून द्यायचा नाही, हा दंडक त्या गणितज्ञांनी पाळला होता.

याच आकड्यात दुसराही एक धडा आहे. हा परीघ काढताना व्यासाच्या वर्गाला १० ने गुणून त्याचे वर्गमूळ घेतलेले आहे. परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर पुढे अधिक सूक्ष्मपणे कळले, तेव्हा ते १० च्या वर्गमूळापेक्षा किंचित कमी निघाले. त्या मानाने एक लाख योजने व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ३,१४,१५९ योजनांच्या आसपास येतो. म्हणजे शेष कितीही बारकाईने लिहिला तरी रीतही वेळोवेळी तपासावी लागते. अंगुलाची काळजी एकट्याने पुरेशी ठरत नाही.

भारतीय ज्योतिर्विदांना हे ठाऊक होते. केरळातील परमेश्वर यांनी कित्येक वर्षे ग्रहणांचे वेध घेतले आणि १४३१ मध्ये 'दृग्गणित' हा ग्रंथ रचला. दिसते त्याच्याशी जुळणारे ते दृग्गणित. नावातच सगळा आग्रह आलेला आहे. त्याच शतकाच्या अखेरीस कोकण किनाऱ्यावरील नांदगावच्या केशव दैवज्ञांनी निरनिराळ्या सिद्धांतांवरून काढलेली ग्रहांची स्थाने आकाशाशी ताडून पाहिली, कोणता ग्रह कोणत्या सिद्धांताने जुळतो ते नोंदवले आणि पुढच्यांनीही असेच वेध घेऊन गणित सुधारत राहावे असे सुचवले. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांचा १५२० मधील 'ग्रहलाघव' महाराष्ट्रातील पंचांगांचा आधार होऊन बसला. पण कालांतराने त्याच्याही गणितात आणि आकाशात अंतर पडू लागले. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी ते अंतर उघडपणे मांडले आणि १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली. पंचांग दुरुस्त करायचे म्हणजे सण आणि व्रते यांचे दिवस हलणार, हे उघड होते, आणि त्यावरून वादही झाले. पिता आकाशाकडे बोट दाखवून गेला आणि पुढच्या पिढ्या पुत्राच्या पोथीला चिकटून बसल्या, असे हे चित्र आहे. फरक मान्य करण्याची किंमत आकड्यांत कधीच मोजली जात नाही. ती मोडाव्या लागणाऱ्या सवयींत मोजली जाते.

अशी किंमत एकट्याने मोजणाऱ्यांमध्ये योहानेस केपलरचे नाव अग्रभागी येते. त्याच्या आधीचा युरोप दुसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीची वही वापरीत होता. टॉलेमीच्या मते पृथ्वी मध्यभागी स्थिर होती आणि ग्रह वर्तुळांवर वर्तुळे घेत तिच्याभोवती फिरत होते. १५४३ मध्ये कोपर्निकसने सूर्याला मध्यभागी आणले, पण वर्तुळे तशीच ठेवली. वर्तुळ ही निर्दोष आकृती आहे आणि आकाशात दुसरी आकृती शोभणार नाही, यावर दोघांचेही एकमत होते. दीड हजार वर्षांत या गृहीतावर कोणी बोट ठेवले नव्हते.

आकाशाच्या नोंदी करणारा माणूस होता डेन्मार्कचा टायको ब्राहे. दुर्बीण अजून जन्माला यायची होती. ह्वेन नावाच्या बेटावर त्याने मोठमोठी कोनमापक यंत्रे उभारली आणि सुमारे वीस वर्षे ग्रहताऱ्यांची स्थाने टिपली. वर्तुळाचे ३६० अंश आणि अंशाच्या ६० कला. टायकोची मापे एक-दोन कलांपर्यंत बिनचूक असत. या वह्या तो कोणाच्या हाती सहजी देत नसे. १६०० मध्ये केपलर त्याच्याकडे प्रागला आला, त्याच्या वाट्याला मंगळाचे अवघड काम आले, दोघांत खटकेही उडाले. १६०१ मध्ये टायको वारला आणि ते सारे भांडार केपलरकडे आले.

केपलरने मंगळासाठी वर्तुळाची एक मांडणी तयार केली. लॉगरिदमची कोष्टके तेव्हा निघालेली नव्हती. प्रत्येक गुणाकार हाताने करायचा. तीच आकडेमोड त्याने निदान सत्तर वेळा केली, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. अखेर टायकोच्या निवडक नोंदी दोन कलांच्या आत जुळल्या. काम फत्ते झाले असे कोणीही म्हटले असते. पण केपलरने चांगल्या तपासनिसासारखे केले: ज्या नोंदींवरून मांडणी बसवली नव्हती, त्या वेगळ्या नोंदींशी ती ताडून पाहिली. तेथे फरक निघाला आठ कलांचा.

पूर्ण चंद्राचे बिंब सुमारे तीस कलांचे असते. आठ कला म्हणजे त्याचा जेमतेम चौथा हिस्सा. टॉलेमीच्या काळी दहा कलांपर्यंतची चूक चालून जात असे, त्यामुळे केपलरने मान डोलावून पुढे जायचे ठरवले असते तर त्याला परंपरेचा आधार मिळाला असता. त्याच्या डोक्यावर कोणी तपासनीस बसलेला नव्हता. सत्तर वेळा घासलेली मेहनत पणाला लागलेली होती, पगार वारंवार थकत असे, घरची ओढाताण होती. तरीही त्याने विचार केला की टायकोसारखा दक्ष माणूस आठ कलांनी चुकणार नाही. नोंद खरी असेल तर मांडणी खोटी आहे. त्याने ती टाकून दिली.

त्यानंतर कित्येक वर्षे धडपडून त्याला उत्तर सापडले. मंगळ वर्तुळात फिरतच नाही. त्याची कक्षा लंबवर्तुळ आहे आणि सूर्य त्या लंबवर्तुळाच्या एका नाभीत आहे. या लंबवर्तुळाची रुंदी त्याच्या लांबीपेक्षा अर्ध्या टक्क्याहूनही कमी अंतराने लहान आहे. अर्धा टक्का! बाजारात इतक्या फरकावर कोणी घासाघीसही करणार नाही. तेवढ्याशा अंतरामुळे वर्तुळाची दीड हजार वर्षांची सत्ता संपली. १६०९ मध्ये केपलरने हे सारे ग्रंथरूपाने मांडले आणि त्या आठ कलांनीच ज्योतिषशास्त्राच्या पुनर्रचनेची वाट दाखवली, हे मोकळेपणाने सांगितले. पुढे न्यूटनने १६८७ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा जो नियम सिद्ध केला, त्याच्या पायात केपलरचे हे दगड आहेत. खुद्द केपलर १६३० मध्ये आपले येणे वसूल करण्याच्या खटपटीत असताना रेगेन्सबर्ग या परगावी वारला.

केपलरच्या बाबतीत रीत चुकलेली होती. प्रत्येक वेळी तसेच असते असे नाही, हे पुढच्या कथेवरून दिसते. १७८१ मध्ये विल्यम हर्शलला युरेनस हा ग्रह सापडला. न्यूटनच्या नियमाने त्याची कक्षा ठरवली गेली, पण काही दशकांत ग्रह ठरलेल्या जागेपासून ढळू लागला. न्यूटनचा नियम एवढ्या अंतरावर लागू पडत नसेल, अशी शंकाही काहींनी बोलून दाखवली. फ्रान्समधील गणिती ल व्हेरिए याने वेगळा विचार केला. हिशेबाची रीत बरोबर आहे, एक नोंद तेवढी राहून गेली आहे. कोणीतरी न दिसणारा ग्रह युरेनसला ओढत आहे. इंग्लंडमध्ये जॉन अॅडम्स हाही स्वतंत्रपणे याच वाटेने चालला होता. ल व्हेरिएने कागदावरच त्या अज्ञात ग्रहाची जागा काढली आणि बर्लिनच्या वेधशाळेला पत्र पाठवले. २३ सप्टेंबर १८४६ रोजी पत्र पोहोचले आणि त्याच रात्री योहान गाले याने सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत तो ग्रह पाहिला. त्याचे नाव नेपच्यून. हरवलेली पावती सापडली आणि वही जुळली. असा विजय शास्त्राच्या इतिहासात क्वचितच कोणाला मिळाला असेल.

पुढे याच ल व्हेरिएच्या हाती दुसरा फरक आला. बुधाची कक्षा हळूहळू फिरते. इतर ग्रहांच्या ओढीचा सगळा हिशेब धरूनही शतकाला काही विकला शिल्लक राहतात. कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. १८५९ मध्ये त्याने हा फरक ३८ विकलांचा असल्याचे जाहीर केले. नंतरच्या अधिक काटेकोर गणिताने तो ४३ ठरला. शतकाला ४३ विकला या गतीने एक पूर्ण फेरा व्हायला सुमारे ३० लाख वर्षे लागतील. इतका हा कणभर फरक. ल व्हेरिएने पूर्वानुभवाने निदान केले की बुधाच्याही आत एक अज्ञात ग्रह असला पाहिजे. त्याचे नावही ठरले, व्हल्कन. खग्रास ग्रहणांच्या वेळी दुर्बिणी त्याच्या शोधात फिरल्या. मधूनमधून कोणाला तो दिसल्याची वार्ताही येई, पण ती टिकत नसे. व्हल्कन आहेच, या विश्वासात ल व्हेरिए १८७७ मध्ये वारला. ती तारीखही २३ सप्टेंबरच होती, नेपच्यूनच्या शोधाची.

या फरकाचा खुलासा नोव्हेंबर १९१५ मध्ये झाला. अल्बर्ट आइनस्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाची मांडणीच नव्याने केली होती. सूर्यासारखे जड वस्तुमान आपल्याभोवतीच्या अवकाशकाळाला वक्र करते आणि ग्रह त्या वक्रतेनुसार फिरतो. या नव्या रीतीने बुधाचा हिशेब केला तेव्हा ४३ विकला आपोआप निघाल्या, पदरचे काही घालावे लागले नाही. पुढचे काही दिवस आपण आनंदाने भान हरपून गेलो होतो, असे त्यांनी एका मित्राला कळवले. व्हल्कन नावाचा ग्रह कधी नव्हताच. येथे राहून गेलेली नोंद कोणतीही नव्हती. बदलायला हवी होती ती न्यूटनची वही.

या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे मन अंतर्मुख होते. माणूस तोच, गणित तेच, प्रामाणिकपणाही तोच. एकदा ज्या तर्काने यश दिले, त्याच तर्काने दुसऱ्या वेळी चुकीच्या दाराशी नेले. ल व्हेरिएने कोणताही फरक लपवला नाही, हा त्याचा मोठेपणा. पण फरकाचे कारण आपल्याला आधीच माहीत आहे, असे तो धरून चालला. पेढीवर मुरलेल्या माणसालाही हा मोह चुकत नाही: गेल्या वेळी जेथे चूक सापडली, तेथेच तो पुन्हा शोधत बसतो.

उलट टोकाचा धोकाही तेवढाच खरा आहे. प्रत्येक फरक म्हणजे नवा सिद्धांत नव्हे. सप्टेंबर २०११ मध्ये युरोपातील शास्त्रज्ञांच्या एका चमूने जाहीर केले की जिनिव्हाजवळून निघालेले न्यूट्रिनो कण सुमारे ७३० किलोमीटरवरील इटलीच्या प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचले. आइनस्टाइन यांचा सिद्धांत कोसळला, असा गवगवा झाला. शास्त्रज्ञ स्वतः मात्र सांगत होते की आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही तपासा. पुढच्या वर्षी ती सापडली. प्रकाशतंतूची एक जोडणी नीट बसलेली नव्हती. ५४ च्या जागी ४५ लिहिले गेले होते, एवढाच त्याचा अर्थ. यात कोणाची मानहानी झाली असे म्हणता येत नाही. फरक उघडा ठेवला म्हणून तो सापडला. झाकून ठेवला असता तर सैल जोडणी तशीच राहिली असती.

झाकून ठेवलेल्या फरकाचे काय होते, याचेही एक उदाहरण आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील होल्मडेल येथे उपग्रहांच्या संदेशांसाठी बांधलेली शिंगाच्या आकाराची एक मोठी अँटेना होती. १९६१ मध्ये तिच्या मोजमापात सुमारे तीन अंश केल्विन इतकी अधिकची उष्णता दिसली. मोजमापात तेवढी चूक संभवते, असे म्हणून ती सोडून देण्यात आली. १९६४ मध्ये आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांना त्याच अँटेनात तीच शिल्लक आढळली. त्यांनी यंत्राचा सांधा न् सांधा तपासला. आत घरटे केलेल्या कबुतरांना हटवले, त्यांची विष्ठा साफ केली. अँटेना कोणत्याही दिशेला वळवली, कोणत्याही ऋतूत पाहिली, तरी ती मंद खरखर हटली नाही. अखेर कळले की तो विश्वाच्या बालपणीचा अवशेष आहे. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्वाचा विस्तार सुरू झाला, त्यानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश आज थंड होऊन त्या खरखरीच्या रूपाने सर्व दिशांनी येतो. १९७८ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. तीन अंशांची ती शिल्लक आधीच वहीत येऊन बसली होती. तिला किरकोळीत जमा करण्यात आले होते, एवढेच.

आज ही वही कोठे आली आहे? हिशेबनीस ज्या रकमेचा खुलासा होत नाही, ती उचंत खात्यात ठेवतो. चांगल्या पेढीच्या ताळेबंदात हे खाते जवळजवळ रिकामे असते. विश्वाच्या आजच्या ताळेबंदात मात्र या खात्याचा आकडा पाहून कोणताही तपासनीस दचकेल. १९३३ मध्ये फ्रित्झ झ्विकी यांना दूरच्या एका दीर्घिकासमूहात दिसणाऱ्या वस्तुमानापेक्षा कितीतरी अधिक वस्तुमान असल्याची चिन्हे दिसली. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतील ताऱ्यांची गती मोजली. सूर्यापासून दूरचा नेपच्यून बुधापेक्षा संथ चालतो. त्याप्रमाणे दीर्घिकेच्या कडेचे तारे संथ असायला हवे होते. ते तसे नव्हते, कडेलाही गती टिकून होती. न दिसणारे काहीतरी त्यांना धरून आहे. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. १९९८ मध्ये विश्वाच्या विस्ताराचा वेग वाढत असल्याचे आढळले आणि त्यासाठी कृष्णऊर्जा हे आणखी एक नाव घालावे लागले. आजच्या हिशेबाने विश्वात साधारण ५ टक्के ओळखीचे द्रव्य, २७ टक्के कृष्णद्रव्य आणि ६८ टक्के कृष्णऊर्जा आहे. म्हणजे शंभरातील पंचाण्णव उचंत खात्यात!

हा फरक नेपच्यूनच्या जातीचा आहे की बुधाच्या? एखादा अज्ञात कण नोंदवायचा राहिला आहे, की गुरुत्वाकर्षणाची वहीच पुन्हा लिहावी लागणार आहे? बहुतेक शास्त्रज्ञ पहिल्या बाजूला आहेत, काही दुसऱ्या. निर्णय झालेला नाही. दूरच्या दीर्घिकांच्या नोंदी जगभर चालू आहेत. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनाही त्यांतील हायड्रोजन वायूचा माग घेत असतात.

या प्रत्येक दुरुस्तीबरोबर माणसाचे आसन मात्र मागे सरकत गेले. आधी त्याची पृथ्वी मध्यभागावरून हलली. मग त्याचा सूर्य आकाशगंगेतील अब्जावधी ताऱ्यांपैकी एक ठरला आणि ती आकाशगंगाही अगणित दीर्घिकांपैकी एक. आता तर ज्या द्रव्यापासून त्याचा देह, त्याची भूमी आणि डोळ्यांना दिसणारे सारे तारे बनले, ते द्रव्यच एकूण भांडवलात ५ टक्क्यांचे भागीदार निघाले. हे वाचून कोणाला क्षुद्रपणाची जाणीव होईल, आणि ती अस्थानी नाही. पण हा ५ टक्क्यांचा आकडा माणसाला कोणी येऊन सांगितला नाही. स्वतःला कमी लेखणारी ही नोंद त्याने स्वतःच्या हाताने केली आहे. आपल्याला अनुकूल तेवढेच लिहायचे ठरवले असते, तर तो अजूनही विश्वाच्या मध्यभागी बसलेला असता आणि त्याला आव्हान द्यायला कोणी आले नसते. भागीदार म्हणून त्याचा हिस्सा लहान असेल. वही लिहिणारा म्हणून त्याने विश्वासाला तडा जाऊ दिला नाही.

आता संगणक बेरीज चुकत नाही. फरक आलाच तर एक कळ दाबून तो 'राउंड ऑफ' खात्यात ढकलता येतो आणि पडदा हिरवा दिसू लागतो. नव्या पिढीला हे सोयीचे वाटते, आणि रोजच्या कामात ते बऱ्याच अंशी ठीकही आहे. तरीही वर्षातून एखादे दिवशी घरातील मुलामुलींना त्या खात्यात काय काय साठले आहे ते उघडून पाहायला सांगावे. एका रुपयाचा माग काढता काढता त्यांना एखादी चुकलेली नोंद सापडेल, कधी राहून गेलेली पावती, आणि क्वचित असेही लक्षात येईल की आजोबांपासून चालत आलेली हिशेबाची रीतच आता बदलायला हवी. घरातील वडीलधाऱ्यांनी त्या वेळी तिचे म्हणणे किंवा त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे आणि जुनी वही काढून शेजारी ठेवावी.